किल्ली गुरुजींच्या खिशात

“नव्या बाईंच्या हाती टेप द्यायचा नाही हं आपण. हातावरची लग्नाची हळद उतरली नाही अजून, बटणं कसली दाबते ती!”

शाळेचे मुख्याध्यापक कमलाकांत गुरुजी हे जुन्या शिक्षिका जयवंतीबाईंना म्हणाले, चहाच्या घोटाबरोबर, आवाज खाली आणून. पण गुरुजींचा खालचा आवाजसुद्धा सगळ्या वर्गाला पाढे सांगायला पुरेल एवढा. खडू घ्यायला आलेल्या त्या नव्या बाई, शैलाबाई, ऑफिसच्या दाराआड थांबल्या. मग खडू न घेताच माघारी वळल्या.

मी सगळं ऐकलं. ऐकणं हाच माझा धंदा. मी शाळेचा टेपरेकॉर्डर बोलतोय, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली तो.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला, तो मला फारसा आठवत नाही. आठवतो तो पालघरहून टेम्पोतून केलेला प्रवास. बोईसरचं स्टेशन मागे पडलं, कारखान्यांची धुराडी मागे पडली, आणि डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कौलारू शाळेपुढे टेम्पो थांबला. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मला ओवाळलं, नारळ फोडला. पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळून बघत होती. मी मनात म्हटलं, आता इथे रोज गाणी, रोज गोष्टी!

त्याच दिवशी कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात गेली.

गुरुजी माणूस वाईट नव्हे. पावसात पाड्यावरची पोरं भिजून आली तर स्वतःच्या पंच्याने त्यांची डोकी पुसणारा. पण माझं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. “सरकारी वस्तू आहे. मोडली तर जाब कोण देणार?” हे वाक्य मला पाठ झालं, कॅसेट न लावताच.

मला बाहेर काढायचे ते खंडेनवमीला. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. एका वर्षी कुणा भाविकाने माझं कॅसेटचं दार उघडून आतही बोट फिरवलं, आतल्या देवाला उपाशी ठेवू नये म्हणून. वर्षातून एकदा पूजा आणि काम काहीच नाही, हा मान एरवी फक्त जावयाला मिळतो. पण ते कुंकू माझ्या आत बसलं ते बसलंच.

शैलाबाई मूळच्या माकुणसारच्या, वाडीतल्या घरातल्या. लग्न होऊन बोईसरला भाड्याच्या खोलीत आल्या, आणि तिथून आमच्या शाळेवर. तिसरीचा वर्ग. बाई गप्प, पण डोळे सगळीकडे. त्या दिवशीचं ऐकलेलं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त कपाटासमोरून जाताना त्यांची पावलं सावकाश व्हायला लागली.

मग पालघरला शिक्षण खात्याच्या साहेबांनी प्रशिक्षण घेतलं, शाळेतली यंत्रं वर्गात कशी वापरावीत याचं. आल्यावर जयवंतीबाईंनी ऑफिसात सगळं रंगवून सांगितलं. त्या समुद्रकाठच्या मुरबे गावच्या. भाषा पुस्तकी ठेवायचा त्या प्रयत्न करतात, पण गोष्ट रंगली की मुरब्याची बोली वर येते.

“सायबांनी एकेकाला उभं केलं, गुरुजी. बोलले, या सालात यंत्राचं काय शिकणार ते स्वतःच्या तोंडाने सांगा. एकेक मास्तर काय काय बोलले! सर्वांगीण विकास नि काय काय. मी बोलले, तुमी शिकवाल ते शिकू. आनि आपली ही बाय उभी रायली...”

“काय म्हणाली?”

“बोलली, वर्गात यंत्र बंद पडलं तर सगळ्यांसमोर घाबरायचं नाय, एवढं शिकेन. अख्खा हॉल हसला. सायेब नाय हसले. बोलले, बाई, मी तुमच्या शाळेवर येऊन बघणार.”

गुरुजींच्या हातातला कप बशीत आदळला. साहेब येणार म्हणजे कपाट उघडणं आलं.

तेव्हापासून शाळा सुटल्यावर बाई मला बाहेर काढून बसत. गुरुजी दारात उभे, हात मागे, नजर माझ्यावर. कंटाळले की ओसरीवर जात. मग बाई एक कोरी कॅसेट लावत आणि हळूच बोलत. बोलायला दुसरं काही नसायचं, म्हणून मनातलंच. त्यांच्या घरचं मला कळलं ते असं.

“एक, दोन. शैला बोलतेय. आज सासूबाई म्हणाल्या, आमची सून बोलते कधी तेच कळत नाही. मी बोलते की, पण मशीनशी. हे सांगायचं कुणाला?” मग खट्. मागे. पुन्हा ऐकायचं. “ह्यांचं म्हणणं, मशीनला घाबरायचं नसतं, घाबरलेलं माणूस मशीनला बरोबर कळतं. कारखान्यात आठ तास मशीनपुढे उभं राहणाऱ्या माणसाने सांगणं सोपं आहे. ह्यांना वर्गात चाळीस पोरं आणि एक साहेब बसवून दाखवले पाहिजेत.”

खरं सांगू? मला कळत होतं. त्यांच्या बोटांचा कंप माझ्या बटणांना जाणवायचा. आणि माझी भीती त्यांच्यापेक्षा मोठी होती. आतलं कुंकू फीत सरकताना टोचायचं, चाकं अडखळायची. वाटायचं, ओरडून सांगावं, बाई, माझ्यात दोष आहे, माझ्यावर भरवसा ठेवू नका! पण मला दुसऱ्याचाच आवाज काढता येतो, स्वतःचा नाही.

दिवसा बाई मला वर्गात नेऊ लागल्या. तिसरीत तानी नावाची पोर होती, डोंगरातल्या पाड्यावरची. पुस्तकातला प्रश्न विचारला की ती पायाच्या अंगठ्याकडे बघायची. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “तानी, खेकडा कसा धरतात गं? मला नाही येत.”

तानी माझ्याकडे तोंड करून बोलली, आणि बोलतच राहिली; मी ते सगळं टिपून घेतलं. बाईंनी ठरवलं, साहेबांपुढे हीच फीत लावायची. तिने आपला आवाज सगळ्यांबरोबर ऐकला, तर पुन्हा बोलेल. नाही लागला, तर मान खाली गेली ती गेलीच.

साहेब आले. बाकांच्या शेवटच्या ओळीत बसले. शेजारी गुरुजी, दारात जयवंतीबाई. बाईंनी कॅसेट घातली, बटण दाबलं.

आणि मी फीत खाल्ली.

घर्रर्र करून मी थांबलो. दार उघडलं तर फितीचा गुंता शेवयांसारखा बाहेर आला. तानीचं डोकं बाकाखाली जायला लागलं.

“म्हणूनच म्हणत होतो मी,” गुरुजी पुटपुटले.

बाईंच्या बांगड्या किणकिणत होत्या. मला वाटलं, आता रडतात. त्या म्हणाल्या, “जयवंतीबाई, औषधाच्या पेटीतला कापूस आणि स्पिरिट देता?” आणि पोरांकडे वळून, “पेन्सिल कुणाची आहे रे?”

त्यांनी गुंता सोडवला, पेन्सिल घालून फीत गुंडाळली. मग स्पिरिटच्या बोळ्याने माझं आत पुसलं. एक बोळा लाल निघाला, एक पिवळा. एक तांदळाचा दाणाही निघाला.

“हे काय हो?” साहेबांनी विचारलं.

“पूजा,” जयवंतीबाई म्हणाल्या. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

“बाई, हात कापतायत तुमचे,” साहेब म्हणाले.

बाईंनी मान हलवली, हो. आणि कॅसेट पुन्हा घातली.

“पयलं हात नाय घालाचा. काडी घालाची. काडीला धरला का मंग वढाचा...”

माझ्या पोटातून तानी बोलत होती, कौलांपर्यंत. पोरं हसली, पण तिला नाही, खेकड्याला. बाकाखालून आधी दोन डोळे वर आले, मग अख्खी तानी. “आनि मोटा असला तं?” कुणीतरी तिला विचारलं. तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं, साहेबांसमोर, मोठ्याने.

“छान! गुरुजी, परत लावा बरं, सुरुवातीपासून,” साहेब म्हणाले.

गुरुजी उठून माझ्यापाशी आले. त्यांचं बोट माझ्या बटणांवर आलं आणि तिथेच फिरत राहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठलं दाबायचं ते त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं माझी किल्ली सांभाळणाऱ्या माणसाला माझं एकही बटण ठाऊक नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी कुलपात होतो. मला कळलं. बाईंनाही त्याच क्षणी कळलं, मी त्यांचा चेहरा पाहिला.

गुरुजींनी घाम पुसला. “राहू दे आता. झालं ना दाखवून? पुन्हा अडकलं, मोडलं, तर...” आणि खिशातून किल्ली काढली.

आज मी म्हातारा झालोय. माझं दार तुटलंय, रबर लावून बांधतात. एक बटण पोरांनी कोरून बसवलेलं लाकडाचं आहे. आवाज मधूनच गेंगाणा होतो. किती दिवस उरलेत, ठाऊक नाही. माझ्या जागी उद्या नवं काही येईल, माझ्यापेक्षा देखणं. त्याला ओवाळा, हवं तर. पण कुणाच्या भीतीपायी त्याला माझ्यासारखं अंधारात ठेवू नका, एवढंच मागणं.

बाकी मला सांगता येत नाही. बाईंनी त्या दिवशी सांगितलं होतं. वर्गात, साहेबांसमोर, स्वतःची खुर्ची गुरुजींकडे सरकवत त्या म्हणाल्या,

“मोडेल, गुरुजी. कधीतरी मोडेलच. मलाही भीती वाटते त्याची, आत्तासुद्धा वाटतेय. पण वापरताना मोडू दे. या, बसा इथे. डावीकडून दुसरं बटण. दाबा.”