गुंडप्पा पैलवानाची सही

लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्यातल्या खेळाडूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि आलेल्या वस्तू पारखायचं काम शेषेराव मास्तरांकडे आलं. मास्तर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. सह्या जमवायचा त्यांना भारी नाद. नांदेडला हॉकीचे सामने असले की रजा टाकून जायचे आणि खेळाडूंच्या मागे फिरायचे. पण त्यांचा खरा जीव होता तो निलंग्याकडच्या गुंडप्पा पैलवानावर. गुंडप्पाची सही त्यांनी काचेत मढवून भिंतीवर लावली होती.

एका सकाळी अहमदपूरहून सुमनबाई सोनकांबळे मास्तरांच्या घरी आल्या. पिशवीतून त्यांनी जपून एक फोटो काढला. खांद्यावर गदा घेतलेला गुंडप्पा, आणि खाली शाईनं केलेली सही.

"आमच्या मालकाचा हाय," त्या म्हणाल्या. "गेल्या दिवाळीला वारले ते. प्रदर्शनात लावला तर खाली त्यांचं नाव येईल का? किशनराव सोनकांबळे म्हणून?"

मास्तरांनी भिंग घेतलं. भिंतीवरची सही एका दमात ओढलेली, झोकदार. फोटोवरची अक्षरं सुटी, थरथरती. वरची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे लांब गेलेली. रेघेवर शाई गडद, अक्षरांत संपत आल्यासारखी फिकी; म्हणजे रेघ आधी मारलेली. स्वतःचं नाव असं कोण लिहितं?

"बाई," मास्तर हळू म्हणाले, "ही त्यांची वाटत नाही. कुणीतरी बघून बघून केलेली आहे."

सुमनबाईंनी फोटो पदरानं पुसला. "गल्लीतले बी हेच म्हणायचे. किशननंच केली म्हणून. ते नुसते हसायचे, कधी काही बोलले न्हाईत. पण खोटं लिहिणारा माणूस नव्हता तो, मास्तर. पैलवान जित्ता हाय. लेकीकडं असतो, निलंग्याच्या पुढं. चला, त्यालाच इचारू."

गुंडप्पा जिवंत असून आपण इतक्या वर्षांत कधी गेलो नाही, याचं मास्तरांना वाईट वाटलं. ते टोपी घालून निघाले.

गुंडप्पा नीलम्माच्या, म्हणजे लेकीच्या, ओसरीवर बाजेवर बसले होते. देह ओसरला होता, पण मान अजून पैलवानाची होती. मास्तर पाया पडले. सुमनबाईंनी फोटो पुढे केला. म्हाताऱ्यानं तो डोळ्यांजवळ नेला आणि सहीवरून बोट फिरवलं.

"किशनची कोण तू?"

"बायको."

"म्हंजे माझी तंगी," ते म्हणाले. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. "बस की अशी जवळ. किशन कुठाय?"

सुमनबाईंनी सांगितलं. म्हाताऱ्यानं फोटो मांडीवर ठेवला. नीलम्मानं पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

"बहात्तरचा दुष्काळ," मग ते सांगू लागले. "तालीम बंद, जत्रा बंद. मी तलावाच्या कामावर खडी फोडून राहिलो हुतो. किशन हजेरी घ्यायचा. पगाराला मी अंगठा दिला की पोरं हसायची. एवढा पैलवान अन् अंगठा म्हणून. एक दिवस किशन म्हनला, दुपारच्याला माझ्याकडं बसत जा. मी बसलो. लोकांनी मला नावं ठेवली, त्याच्या घागरीतलं पाणी पिऊन बाटला म्हणून. ठेवू दे. तो मातीत काटकीनं शिकवायचा. माझी अक्षरं सारी वर-खाली पळायची. तर म्हनला, पैलवान, आधी दोरी बांधायची, मग तिच्यावर एकेक कपडा वाळत घालायचा."

सुमनबाईंचा हात तोंडाशी गेला. "आमच्या पोरींना बी असंच शिकिवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "हेच बोल. दोरी अन् कपडे."

"काम संपलं त्या दिवशी माझ्याजवळच्या या फोटोवर त्याच्या पेनानं ही केली. कागदावरची माझी पहिली सही. म्हनलं, ही तुझीच."

मास्तर बाजेजवळ सरकले. म्हणाले, "पैलवान, माझ्याकडंही तुमची एक आहे. लातूरच्या जत्रेतली, दुष्काळाच्या आधीची. मी तंबूबाहेर उभा होतो, आतून कुणीतरी आणून दिली होती."

गुंडप्पांनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. "तवा मला कुठं लिहाया येत हुतं, मास्तर? वस्तादाचा पुतण्या करायचा त्या. लई झोकात करायचा." मग ते म्हणाले, "पण तुम्ही माझ्यापायी तंबूबाहेर हुबं ऱ्हायलात, हे तर खरं हाय ना?"

मास्तरांनी मान डोलावली. चष्मा काढून ते पुसत बसले.

"आता देऊ का करून?" म्हाताऱ्यानं विचारलं. कुस्तीत मोडलेली बोटं पेनाभोवती नीट बसेनात. सुमनबाईंनी कागद धरला. आधी लांब रेघ आली. मग एकेक अक्षर, दम घेत घेत. मास्तर श्वास रोखून बघत होते. सही झाल्यावर त्यांनी ती फुंकर घालून वाळवली आणि खिशात न घालता हातातच धरून ठेवली.

प्रदर्शनात तो फोटो दारासमोर लागला. खाली दोन नावं होती, सही करणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची. कमिटीनं मास्तरांना त्याचं मोल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते माझ्यानं होणार नाही. अस्सल आहे, एवढंच लिहा."

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी दुपारची परतीची एस.टी. फाट्यावर येऊन हॉर्न वाजवत होती, तरी सुमनबाई उठल्या नाहीत.

"तवा कसे दिसायचे हो ते?" त्यांनी विचारलं. "आमचं लगीन झालं नव्हतं तवा."

"काटकीसारखा बारीक," गुंडप्पा म्हणाले. "अन् गाणं म्हणायचा. गळा न्हाई काही, पण म्हणायचा."

"गाणं?" सुमनबाई हसल्या आणि डोळे पुसू लागल्या. "माझ्यासमोर कधी म्हनले न्हाईत."

मास्तरांनी एस.टी. जाऊ दिली आणि ते भिंतीला टेकून बसले.