खरारा खुंटीला, घोडी वरातीला

मी खरारा बोलतोय, आणि आज जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझं नावही ऐकलेलं नसेल. नवरदेव घोडीवर बसतो तेव्हा तुम्ही फेटा बघता, झूल बघता, मोबाइल उंच धरून शूटिंग करता. त्या घोडीचं अंग रोज कोण साफ करतं, हा प्रश्न काही तुम्हाला पडत नाही. ते काम माझं. लोखंडी पट्ट्या, त्यांना बारीक दाते आणि मागे लाकडी मूठ, एवढाच माझा देह.

माझा जन्म मानपाड्याच्या एमआयडीसीमागच्या एका वर्कशॉपातला. मालन नावाच्या बाईने मला बनवून घेतलं. तिचे वडील कल्याण स्टेशनबाहेर टांगा चालवायचे. त्यांचा झिजलेला खरारा ती नमुन्याला घेऊन आली होती. कारागिराला म्हणाली, "दादा, दात्यांची टोकं घासून बोथट करा. मळ निघाला पायजे, कातडी नाय." मी ते वाक्य जन्मभरासाठी लक्षात ठेवलं.

मालन आणि तिचा नवरा काळुराम यांचा तबेला म्हणजे मानपाड्यातच एक पत्र्याची शेड. तिथे शेवंती होती. तरणी घोडी, राखी रंगाची, अंगावर फिकट ठिपके. सकाळी मालन मला हातात घ्यायची आणि शेवंतीच्या मानेपासून गोल गोल फिरवत पाठीवर, पोटावर न्यायची. धूळ, कोंडा, गळालेले केस सगळं वर यायचं. मग मला भिंतीवर आपटून झटकायचं, मागून मऊ ब्रश, शेवटी ओलं फडकं. तोंडावर आणि पायांच्या नळ्यांवर मला बंदी होती, कारण तिथे हाड लगेच लागतं. ती बंदी मला मान्य होती. मी पाठीवर फिरू लागलो की शेवंती डोळे अर्धे मिटून खालचा ओठ लोंबता सोडायची. सुख म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं.

पण सुख बघवतं का कुणाला? लग्नाचा सीझन आला आणि तबेल्यात येणारा प्रत्येक जण एकच बोलू लागला, पांढरी घोडी नाही का?

"अहो, राखी घोडी वयाबरोबर पांढरीच होते," मालन म्हणाली. "थोडी वर्षं दम धरा."

"तोवर काय हिला घरात बसवू?" काळुराम वैतागला. "शूटिंगमध्ये ही मळकी दिसते म्हणतात लोक."

आणि या शहाण्या माणसाने काय करावं? शंखजिऱ्याची पांढरी पूड तेलात कालवली आणि शेवंतीला मानेपासून शेपटीपर्यंत फासली. दिसायला झाली पांढरी. पण मी अंगावरून फिरलो की पूड निघायची. मग गुन्हेगार कोण ठरला? मी.

"सीझन संपेपर्यंत खराऱ्याला हात लावायचा नाय," असं बजावून काळुरामने मला खुंटीला टांगलं. खाली उतरवलं ते एकदाच, वरातीच्या बग्गीचा जुना सोनेरी रंग खरवडायला. माझे दाते लाकडावर! तो अपमान मी अजून गिळलेला नाही.

खुंटीवरून मी रोज बघत होतो. लेपावर घाम, घामावर धूळ, त्यावर पुन्हा लेप आणि वर खोगीर. त्या थरात खडे अडकलेले. एकदा मालनने पाठीवर नुसता तळवा ठेवला, तर शेवंतीने अंग चोरलं. मालनने नवऱ्याला सांगितलं. त्याने खोगिराखाली फोमचा तुकडा सरकवला आणि झाली म्हणे सोय! मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो.

मग नौपाड्यातली ती वरात. नवरदेवाचं नाव विनीत. निघताना मालनने मला गुपचूप तिच्या पिशवीत टाकलं. वरात संपली की घोडीला तिथेच साफ करायचं तिच्या मनात होतं. उन्हाचा तडाखा, बेंजोचा दणका. शेवंतीच्या पोटावरून पांढरे ओघळ वाहू लागले. ती कान मागे पाडून मान वळवून पाठीकडे बघत होती, आणि विनीतची आत्या, प्रीती, काळुरामला सांगत होती, "अहो, हिला नाचवा ना जरा. नुसती उभीच आहे."

काळुरामने लगाम खेचला. शेवंती मागच्या पायांवर खचली आणि विनीत घसरून रस्त्यावर आला. लागलं नाही त्याला. पण निळ्या शेरवानीला मागून पांढरा चिखल लागला होता आणि त्यात लाल.

"अरे देवा, नवीन शेरवानी!" आत्या म्हणाली. झालं, सगळे धावले. कुणी रुमाल ओला केला, कुणी पर्समधून टिश्यू काढले. एवढे हात त्या कापडाला पुसत होते आणि ते लाल आलं कुठून, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मला आजही संताप येतो.

मालनने खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, सोडला. झूल काढली, खोगीर उतरवलं. फोम पाठीला चिकटला होता, तो पाण्याने भिजवून सोडवला. मग पिशवीतून मला काढलं आणि जखमेपासून लांब राहून वाळलेला लेप काढायला सुरुवात केली. पांढऱ्याखालून राखी घोडी बाहेर येऊ लागली.

"मालन, इथं नको," काळुराम हळू आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू दे. त्यासाठीच काढतेय."

विनीत जवळ आला. ती सोललेली पाठ बघून त्याचा चेहरा उतरला. "मी ह्याच्यावर बसलेलो?" तो म्हणाला, आणि फेटा सावरत हॉलकडे चालायला लागला.

"अरे, चालत काय जातोस? लोक काय म्हणतील?" आत्या मागून ओरडली. "दुसरी घोडी मिळते का बघा कुणीतरी."

दुसरी घोडी! ऐकलंत?

त्या दिवसापासून शेवंतीच्या पाठीवर खोगीर नाही. डॉक्टर येऊन गेले, मलम झालं, खपली धरली. मी पुन्हा रोज कामावर आहे, फक्त त्या जागेला वळसा घालून जातो. आता तिथे नवे केस आलेत. जखमेवर उगवणारे केस पांढरे येतात. तळहाताएवढी जागा, दुधासारखी पांढरी, बाकी घोडी राखीच.

परवा एक कुटुंब बुकिंगला आलं होतं. मुलीच्या वडिलांनी शेवंतीभोवती फेरी मारली आणि त्या डागावर बोट ठेवलं. "हे बघा, इथं कशी मस्त पांढरी आहे. अख्खी अशी करून मिळेल का?"

मालनचा हात थांबला. काळुरामने त्यांचं बोट डागावरून बाजूला केलं. मग म्हणाला, "घोडी राखी आहे. राखीच येईल, तीही पाठ पूर्ण बरी झाल्यावर."

"कळवतो," म्हणून ते गेले. अजून कळवलेलं नाही.

तुमच्या घरी लग्न असेल तर माझं एक ऐका. नवरदेवाला वर चढवण्याआधी झूल-खोगीर उचला आणि घोडीच्या पाठीवर तळवा ठेवा. तिने अंग चोरलं, तर चालत जा.

परवा ते बुकिंगवाले गेल्यावर काळुरामने मालनच्या हातातून मला मागून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने खरारा केला. मान झाली, खांदा झाला, आणि पांढऱ्या जागेपाशी येताच त्याने मला उचलून धरलं. शेवंतीने मात्र अंग चोरलं, मी टेकायच्या आधीच.