शिडी चढलेली गाय

"हे तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही," असं म्हणत हॉबर्ट टिप्टननं मक्याचा पाव घेवड्याच्या रश्शात बुडवला आणि शेजारी बसलेल्या त्याच्या नातीनं, मार्लीनं, कपाळाला हात लावला. आजोबा सुरू झाले होते.

आजोबांच्या तरुणपणी त्यांचं केंद्र सरकारचं खातं टेनेसीच्या या डोंगरांत चोरून गाळलेली दारू धुंडाळायचं. मार्ली त्याच खात्यात लागली, पण तिच्या वाट्याला दारू आली ती सुरुंगाची, दगडाच्या खाणीतून चोरीला गेलेली. एखाद्या पोराचा हात उडायच्या आत ती सापडायला हवी होती. पण मार्लीचा बिल्ला दिसला की लोक दार लावून घेत. शेवटी सोमवारी नोकरी सोडायची, असं तिनं ठरवून टाकलं.

"तू विचारतेस ना, तिथंच चुकतेस," आजोबा म्हणाले होते. "बिल्ला खिशात टाक आणि चर्चच्या जेवणाला चल."

"तर मंडळी," हॉबर्ट आता चर्चच्या जेवणात सांगत होता, "दारू गाळणारे तेव्हा बुटांना गाईचे खूर ठोकायचे. माग काढणारा फसावा म्हणून. मला एक गाय भेटली, दोन पायांची!"

"दूध द्यायची का?" पलीकडच्या टेबलावरून रूफस ओरडला.

"तेच प्यायलास लेका, म्हणून तर असा दिसतोस." टेबलं हसली. "तिचा माग आपल्या या व्हर्डीच्या बापाच्या गोठ्यात गेला. बघतो तर गाय शिडी चढून माळ्यावर! मला म्हणाली, 'या साहेब, बसा,' आणि छपरातून जी उडाली ती थेट नॉर्थ कॅरोलायनात उतरली. भित्री कुठली! माझ्या सावलीलाच घाबरली."

काकवीचा केक वाढणाऱ्या व्हर्डी आजींनी सुरी खाडकन खाली ठेवली.

"खोटं! साफ खोटं, हॉबर्ट मेल्या! शिडीला मी हातसुद्धा लावला नव्हता. कणगीत बसून तुझी फजिती बघत होते, हसू दाबून दाबून पोट दुखलं माझं!"

सगळ्यांच्या माना आजींकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते आजींच्या ध्यानात आलं, तशा त्या स्वतःच खो खो हसत सुटल्या. मग मार्लीकडे वळल्या.

"खुर्ची ओढ, पोरी. माझ्या खिडकीतून सगळा डोंगर दिसतो. खाणीतली दारू कुठल्या गोठ्यात ठेवलीय ते मीच सांगते. या थापाड्याच्या तोंडी लागली, तर तीही उडेल!"