घराच्या पोटाखालचा वारा

डिसेंबरात दार अडकू लागलं तेव्हा कुन्नेयने आधी दाराला दोष दिला, मग नवऱ्याला. हा क्रम तिने लग्नापासून पाळला होता.

"बिजागरीला तेल घाल म्हटलं होतं ना?"

प्रोकोपीने तेल घातलं. दुसऱ्या सकाळी दार वरच्या कोपऱ्यात टेकलं ते मिटेचना, आणि खालच्या फटीतून पांढरं धुकं सरपटत आत आलं. बाहेर उणे अठ्ठेचाळीस. याकुत्स्कच्या कडेच्या त्या वस्तीत असल्या दिवसांत दार न मिटणं म्हणजे घरात अस्वल शिरणं. फरक एवढाच, की पोट भरलं की अस्वल निघून जातं.

प्रोकोपीने फटीवर घोड्याचं कातडं ठोकलं. मग घर तापवायच्या विटांच्या भट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "ही चीर कालपर्यंत नव्हती."

तेल घालून मिटणारं हे दुखणं नव्हतं, हे कुन्नेयला तेव्हा कळलं.

या सगळ्याची सुरुवात गेल्या वर्षीच्या शरदातली. सासू ओग्दो गाव सोडून त्यांच्याकडे राहायला आली होती. गावातलं तिचं घर जमिनीवर टेकलेलं. हिवाळ्याआधी भिंतींना बाहेरून कंबरभर माती नि शेण थापलं की आत ऊब. इथलं घर मात्र खांबांवर, पोटाखालून वारा आरपार. म्हातारी पाय वर घेऊन बसायची. "सूनबाई, हे घर आहे का करकोचा?"

कुन्नेय मासळीच्या दुकानात गल्ल्यावर बसायची; तिला आकडा पाहिल्याशिवाय थंडीसुद्धा खरी वाटत नसे. घरातल्या जमिनीच्या फळ्या उचलून खाली थंडी अडवणारी दगडी लोकर भरायला कारागीर दोन लाख ऐंशी हजार रूबल मागत होता. त्यापेक्षा खांबांभोवती पत्रे ठोकले, आतून थर्माकोल लावला, बाहेरून भुसा नि माती लोटली, की पस्तीस हजारांत तेच काम.

"खांब कशाला असतात ठाऊक आहे ना?" शेजारची ओक्त्याब्रिना कुंपणावरून म्हणाली होती. "खालची जमीन गोठलेली राहावी म्हणून. घराच्या उबेने ती वितळली की खांब खचतात."

"ते मोठ्या इमारतींचं, ताई. आमचं घर हलकं आहे."

त्या हिवाळ्यात लाकडांचा एक अख्खा ट्रक वाचला. कुन्नेयने तो ट्रक कुंपणावरून ओक्त्याब्रिनाला इतक्या वेळा ऐकवला, की शेवटी ती म्हणाली, "आता त्याला नाव ठेव आणि शाळेत घाल."

आता प्रोकोपी पहार घेऊन पत्र्यातल्या झडपेतून घराखाली सरपटत गेला. कुन्नेय झडपेशी वाकून कान देऊन राहिली. याकुत्स्कात डिसेंबरात जमिनीवर पहार मारली की घंटेसारखी वाजते.

खालून आवाज आला, पच्.

"कुन्नेय," प्रोकोपी खालून हळूच म्हणाला, "इथं चिखल आहे."

ओरडला असता तर ती इतकी घाबरली नसती.

चहा निवत होता. कुणी पेल्याला हात लावला नाही.

"वसंतात काढू पत्रे," प्रोकोपी म्हणाला. "आत्ता काढले तर आई गारठेल."

"वसंतात थंडी कुठून आणशील? दुकानात मिळते? जमीन गोठेल ती आत्ताच. नाहीतर उन्हाळ्यात खांब आणखी खाली जातील, आणि ही भट्टी फुटली तर घर राहणार नाही."

"आणि आईचे गुडघे?"

"मला कुणी विचारणार आहे, का मी सामानात जमा?" ओग्दो म्हणाली. उठून तिने धिरड्याचा तुकडा भट्टीच्या तोंडात टाकला, अग्नीला जेवू घातल्याशिवाय ती मोठं काही बोलत नसे. "करकोच्याला मीच कोंबडीसारखं बसवलं. उठवा त्याला."

पत्रे उपटताना ओक्त्याब्रिना स्वतःची पहार घेऊन आली. कुन्नेयने टोमण्यासाठी मान खाली घातली.

"थंडी उसनी मागायला निघालात वाटतं," ती एवढंच म्हणाली, आणि सगळ्यात घट्ट बसलेला पत्रा तिनेच उचकटला.

वारा घराच्या पोटाखालून गेला, तसा तो घरातल्या प्रत्येकाच्या तळपायांना कळला. जमिनीवरच्या बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला. सगळे नमद्याचे जाड लोकरी बूट घालूनच झोपत. ओग्दोचा पलंग मासळीच्या खोक्यांवर चढवून भट्टीला भिडवला. म्हातारी वरून म्हणायची, "आता मीच खांबांवर."

कुन्नेयने चीर जिथे संपत होती तिथे कोळशाने आडवी रेघ मारली. सकाळी उठली की आधी तिकडे. चीर रेघेपलीकडे गेली. तिने दुसरी रेघ मारली. तीही ओलांडली. लाकडं भराभर उडत होती, भट्टी दिवसरात्र पेटती, आणि जितकी तापवावी तितकी चिरेची भीती. न तापवावी तर म्हातारीची. तिने तिसरी रेघ मारली.

मग एका दुपारी ती धिरडी उलटत असताना पायांखाली बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. पेले खणखणले. प्रोकोपी दाराकडे धावला, आता पुरतं अडकलेलं दार ओढत बसला. "बाहेर चला, घर मोडलं."

"थांब," कुन्नेय म्हणाली. ती भट्टीपाशी गेली. तिसरी रेघ जशीच्या तशी. चीर तिच्यापाशीच थांबलेली.

दार उघडेना म्हणून खिडकीतून उतरून, पहार घेऊन ती स्वतः घराखाली सरपटत गेली आणि जमिनीवर मारली. पहार वाजली; मघाचा आवाज जमीन गोठून तडकल्याचा होता. हाताला झिणझिण्या आल्या तरी तिने खांबाखांबाशी मारून पाहिली. शेवटच्या एका कोपऱ्यात अजून आवाज जरा बद्द होता. बाकी सगळीकडे घंटा.

घर सरळ झालं नाही. प्रोकोपीने रंधा मारून दार तिरक्या चौकटीला तिरकंच बसवलं. ऐन हिवाळ्यात लाकडांचे दोन ट्रक घ्यावे लागले, दीडपट भावाने. आणि दगडी लोकर भरायला पुढच्या उन्हाळ्यात तोच कारागीर ठरला. त्याने आता तीन लाख वीस हजार सांगितले.

"किती पडले गं एकूण?" ओक्त्याब्रिनाने कुंपणावरून विचारलं.

कुन्नेयने एक रूबलही न लपवता सगळा आकडा सांगितला.