माझ्या उत्तरेचा किनारा सगळ्यांचा

मी एक खांब बोलतोय. देवदाराचा, अमेरिकेतल्या हूड कॅनॉल नावाच्या खाडीत रोवलेला. भरतीला छातीपर्यंत बुडतो, ओहोटीला पायापर्यंत उघडा पडतो. माझ्या उत्तरेचा किनारा सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. दक्षिणेचा वरच्या बंगलेवाल्याचा. एवढंच सांगायला मला इथे गाडलंय, आणि ते मी कुणालाही तोंडावर सांगतो.

माझ्या उत्तरेला लागून असलेल्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, भरपूर. मोठी ओहोटी लागली की माणसं परवाना गळ्यात अडकवून, बादल्या घेऊन यायची. त्यात लॅव्हिनिया टफ्ट आणि तिचा नवरा हॅल्वर ठरलेले. ती शाळेची बस चालवायची. तिचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा. हॅल्वर गेला, तरी ती येतच राहिली.

मग बंगला प्रेस्टन हेल नावाच्या गृहस्थांनी घेतला. लोकांची बडबड त्यांना सहन होईना. एका धुक्याच्या सकाळी त्यांनी मला साखळी बांधून ट्रॅक्टरनं उपटलं आणि बरंच उत्तरेला नेऊन पुन्हा गाडलं. तिसऱ्यांची सगळी वाळू त्यांच्या बाजूला गेली. मला ओरडता येत नाही. लोकांना वाटलं, सरकारनंच हलवला असेल. ते बिचारे माझ्यावर विश्वास ठेवून दगडगोट्यांत खणत बसले. तो विश्वासच मला जास्त टोचायचा.

त्या वर्षी लॅव्हिनियाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ती आली ती थेट उन्हाळ्यात, नणंद डॉर्कसबरोबर. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मला ओलांडून सरळ पुढे चालू लागली.

"वहिनी, खांबापलीकडे नको! दंड होईल!"

"अगं, त्या काळ्या खडकाला टेकून तुझा भाऊ डबा खायचा. तो काय दुसऱ्याच्या अंगणात जेवत होता?"

ती खणू लागली. हेल कॉफीचा कप घेऊनच खाली उतरले.

"बाई, ही खाजगी जागा आहे. खांब दिसत नाही?"

"दिसतो ना. तो इथे कसा आला, तेच दिसत नाही."

"मी अधिकाऱ्याला बोलावतो."

"बोलवा. मीही त्याचीच वाट बघते."

भरती चढू लागली. डॉर्कस काठावरून हाका मारत होती; खणायला आलेली बाकीची माणसंही तिथे जमली. पाणी लॅव्हिनियाच्या बुटांना लागलं, तरी ती त्या काळ्या खडकावर ठाण मांडून बसून राहिली. शेवटी किरोझ नावाचा मत्स्यखात्याचा तरुण अधिकारी आला. परवाना पाहिला, तिसऱ्या मोजल्या, मापल्या, बुजवलेले खड्डे पाहिले. सगळं नियमात होतं.

"पण आजी, तुम्ही हद्दीपलीकडे आहात. दंड लिहावा लागेल."

"लिही की. पण कुठल्या जमिनीवर पकडलंस, तेही लिही. मोजल्याशिवाय कसं लिहिशील?"

किरोझनं फोनवर सरकारी नकाशा उघडला आणि चालायला लागला. माझ्यापासून निघाला, तो चालतच राहिला. काळा खडकही मागे पडला, तेव्हा कुठे थांबला.

हेल म्हणाले, "वादळानं सरकला असेल."

"साहेब," किरोझ म्हणाला, "वादळ खांब उपटतं. तो पुन्हा सरळ गाडून भोवती दगड ठासत नाही."

काठावरची सगळी माणसं हसली. आणि मग धावलीच. पाणी आणखी चढण्याआधी मला खणून काढलं, खांद्यावर घेतलं आणि माझ्या जागी उभं केलं. हेलना दंड झाला. त्या गडबडीत डॉर्कसची बादली रिकामीच राहिली होती.

"वहिनी, तुझ्यातल्या थोड्या दे ना."

"मुळीच नाही. ज्याची बादली, त्यानं खणायचं. उद्या ये, मी फावडं देते."

आज मला किड्यांनी पोखरलंय. माझ्या जागी लोखंडी खांब येणार म्हणतात. खुशाल येऊ दे. फक्त मला उपटायचं, तर भर दिवसा उपटा, चार माणसांसमोर.