सरजाबाईंची घंटी

लातूर जिल्हा झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता नळाला पाणी येईल. आल्या त्या घंट्या. प्रत्येक साहेबाच्या टेबलावर बटण, दाराबाहेर घंटी, घंटीखाली स्टूल आणि स्टुलावर शिपाई. नव्या कचेऱ्यांतल्या बऱ्याचशा घंट्या मीच बसवल्या. माझं नाव निजामोद्दीन, धंदा रेडिओ दुरुस्तीचा. माझ्या हातची घंटी बिघडली असं कुणी म्हणावं, हे मी आजवर होऊ दिलेलं नाही.

आमचं घर आणि दुकान एकाच जागी; समोरच्या घरात सरजाबाई एकट्या राहत. वय पंचाहत्तरच्या पुढं, हात थरथरायचे, गुडघे कामातून गेलेले. त्या वर्षी दोनदा पडल्या. त्यांची लेक पंचशीला नांदेडला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. दुसऱ्यांदा पडल्याचं कळलं तशी ती एसटीनं आली आणि थेट माझ्या दुकानात शिरली.

"चाचा, आमच्या वार्डात खाटेपाशी बटण असतंय. पेशंटनं दाबलं की आम्ही जातो. तसलंच मायसाठी बसवा. बटण तिच्यापाशी, घंटी तुमच्याकडं."

तासाभराचं काम होतं. लाईटचा भरवसा नाही म्हणून सेलवर चालणारी घंटी घेतली, गल्लीवरून वायर ओढली आणि लांब दोरीचं बटण सरजाबाईंच्या बाजेला बांधलं. सरजाबाई सगळं बघत होत्या. बटण हातात दिलं तर त्यांनी ते विंचू झटकावा तसं झटकलं.

"माझ्या मालकाला औशाच्या कचेरीत तीस वर्सं घंटीनं उठीवलं," त्या म्हणाल्या. "ताटावर बसले तरी कान घंटीकडं. आता मी घंटी मारून मानसं बोलवू? मी काय साहेब हाय का?"

त्यांचे मालक ज्ञानोबा शिपाई होते. बाबासाहेबांच्या मागं जाऊन बौद्ध झाले, लेकीला शिकवलं, पण स्टूल काही सुटलं नाही.

पंचशीला चिडली. "मग चल नांदेडला."

"तिथं तू डूटीला गेलीस की मी भिताडाशी बोलू? इथं मला लहानथोर वळखतंय."

शेवटी अट ठरली. बटण राहील, तर माय लातुरात राहील. पडल्यावर बटण दाबलं नाही असं एकदा जरी झालं, तर बोचकं बांधायचं आणि नांदेड गाठायचं. दोघींनी मला साक्षीदार केलं. मीही मोठ्या रुबाबात मान डोलावली.

महिनाभर घंटी मुकी राहिली. सरजाबाई तहान लागली तरी कुणी दारावरून जाईपर्यंत थांबायच्या. मी रोज सकाळी स्वतः जाऊन बटण दाबून बघायचो, कारण न वाजणारी घंटी बिघडलेली आहे की रुसलेली, हे मला कळायला हवं होतं. मग दुष्काळ पडला, नळ पार कोरडे पडले आणि गल्लीत टँकर सुरू झाला. त्याला ना दिवस ना वेळ. कोपऱ्यावर पिठाची गिरणी, तिच्या खडखडाटात भोंगा ऐकू येत नसे, आणि चार घागरी भरेपर्यंत टँकर रिकामा. सरजाबाईंची बाज मात्र दाराशीच. टँकर आधी त्यांनाच दिसायचा.

एका दुपारी माझ्या दुकानात घंटी खणखणली. मी चप्पल न घालता धावलो. सरजाबाई बाजेवर सुखरूप बसलेल्या.

"टँकर आलाय! बघत काय राहिलास? आवाज दे गल्लीला!"

तेव्हापासून ती गल्लीची घंटी झाली. ती वाजली की मी ओरडायचो आणि बायका घागरी घेऊन पळायच्या. माझी बायको हाजराबी आधी सरजाबाईंची घागर भरायची, मग आमची. बटण आता त्यांच्या मांडीवरच असायचं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सरजाबाई हाय म्हणून पानी हाय. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. म्हातारीला यंत्राची गोडी लागली, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो.

वैशाखातल्या एका सकाळी हाजराबीनं नेहमीसारखा सात वाजता त्यांना चहा दिला. अकराच्या सुमाराला घंटी वाजली. मी ओरडलो, गल्ली पळाली, टँकर आलेलाच होता. त्या दिवशी सगळ्यांना पाणी मिळालं. हाजराबी त्यांची घागर घेऊन आत गेली आणि तिची किंकाळी मला दुकानात ऐकू आली.

सरजाबाई बाज आणि भिंत यांच्यामध्ये पडलेल्या होत्या. एक पाय नको तसा वळला होता, लुगडं ओलं झालं होतं आणि बटण मुठीत होतं.

"कव्हा पडलीस गं माय?" हाजराबीनं विचारलं.

"तू कपबशी घेऊन गेलीस, त्याच्या मागूनच."

"अगं मग घंटी का न्हाई वाजीवली?"

"वाजीवली की. टँकरची चाकं दिसली तव्हा."

चार तास. बटण मुठीत घेऊन चार तास ती बाई जमिनीवर पडून होती, आणि दाबलं ते आमच्या घागरींसाठी. मला तिचा संताप आला आणि स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकदमच.

खुबा मोडला होता. मी नांदेडच्या दवाखान्यात फोन केला, तशी संध्याकाळी पंचशीला जीप घेऊन आली. आईला नीट तपासलं, पायाला फळी बांधली आणि मग माझ्याकडं वळली.

"चाचा, घंटी बिघडली होती का?"

तिच्या पाठीमागं सरजाबाई माझ्याकडं बघत होत्या. ओठ हलले नाहीत, पण डोळ्यांनी स्पष्ट सांगितलं, हाव म्हन. घंटी बिघडली असती तर अट मोडली नसती. पाय बरा झाल्यावर त्या परत आपल्या दारात बसल्या असत्या.

"घंटी अगदी बराबर होती," मी म्हणालो. "मी सकाळी सातच्या आधीच बघितली होती."

पंचशीलानं पदर डोळ्याला लावला आणि बोचकं बांधायला घेतलं.

पावसाळा सरल्यावर मी सामान आणायला नांदेडला गेलो, तेव्हा त्यांच्याकडं गेलो. पंचशीला ड्युटीवर होती. खोली स्वच्छ, नळाला पाणी, उशाला नवीन बटण. त्याची घंटी शेजारी कुणा बसलिंगप्पांच्या घरात बसवली होती म्हणे. सरजाबाईंनी त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मला बघून हसल्या, गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली आणि मी उठायला लागलो तशा, अजिबात न रागावता, म्हणाल्या,

"निजाम, घंटी बिघडली व्हती म्हनला असतास, तर तुझं काय गेलं असतं रे?"

मी खरं तेच बोललो होतो. तेवढंही मला त्यांना सांगता आलं नाही.