अण्णांचा मेल आणि संगणकनाथ

ऐका की रे, मधी कुणी बोलू नका! शनिवारी शाहूपुरीत अरुणाकाकींच्या घरी गेलतो, तर दारात ह्यो चपलांचा ढीग. आत माणसं दाटीवाटीनं उभी, खिडकीतनं पण डोकी. सगळ्यांची नजर एका जुन्या कॉम्प्युटरवर. पडद्याला वरनं जाड झेंडूची माळ, पुढं नारळ, सीपीयूला कुंकू. आणि पडद्यावर, आईशप्पत सांगतो, बाहुबली अण्णांचा मेल!

अण्णा म्हंजी काकींचे मालक, आपल्या आदितीचे वडील. गेल्या दिवाळीत वारले. आणि मेल नवाकोरा, ठळक अक्षरात! माळ आणि नारळ यांच्या मधी एकच ओळ दिसत हुती, 'अरुणा, आदितीला एकटीला पाठवू नकोस.'

काकी हुंदके देत हुत्या. आदितीला सोमवारी बेंगळुरात पहिल्या नोकरीवर हजर व्हायचं हुतं, बॅग भरून तयार.

"माऊली, बघितलंस?" काकींच्या शेजारी धोतरावर भगवा टी-शर्ट घालून संगणकनाथ महाराज बसलेला. "यंत्राला सर्व्हर-शनीची साडेसाती लागलीती. आत्मा दारात उभा, पण दार बंद! आम्ही सोळा अक्षरांचा मंत्र घातला, दार उघडलं!"

"सोळा अक्षरांचा!" शेजारच्या बाळासोमामांनी हातच जोडले.

झालतं काय, तर अण्णांचा मेलचा प्रोग्राम लई जुना. मधी एक दिवस पासवर्डच घेईना. बरोबर टाकला तरी परत विचारायचा. काकींना वाटलं, अण्णाच रुसले. आदिती पुण्यात परीक्षेत अडकलेली, तेवढ्यात कुणीतरी ह्या बाबाला घरी आणला.

"पोरगी गेली तर आत्मा भटकंल," बाबा डोळे मिटून म्हणाला. "आणि ही पुढची खोली मठाला द्यावी, अशी बाहुबलीची इच्छा हाय."

मेलेल्या माणसाच्या तोंडानं खोली मागतंय बेणं!

आदिती पुढं झाली. "महाराज, मंत्र परत म्हणा की."

"मंत्र गुप्त असतोय, पोरी."

"बरं. मग मी माझा म्हणते."

तिनं मोबाइलवर अण्णांचं खातं उघडलं आणि पासवर्डच बदलला. कॉम्प्युटरनं लगेच पासवर्ड मागायला सुरुवात केली.

"अगं काय केलंस! आत्मा गेला की!" गर्दी वरडली.

"थांबा." तिनं खात्यात कुठंतरी दाबलं आणि मोबाइल बाळासोमामांच्या नाकापुढं धरला. "मामा, मोठ्यानं वाचा."

"क्यू... एक्स... व्ही... जे..." मामा घाम पुसत वाचायला लागले. नेमकी सोळा अक्षरं! आदितीनं ती कॉम्प्युटरात टाकली. धडाधड मेल उतरायला लागले.

"हाच मंत्र," ती म्हणाली. "मेल कंपनीनं नियम बदललाय. जुन्या प्रोग्रामला आता नेहमीचा पासवर्ड चालत न्हाय, खात्यातनं वेगळा काढावा लागतोय. कंपनीच फुकट देती. मम्मी, ह्यानं तुझ्याकडनं पासवर्ड घेतला हुता का न्हाय?"

"व्हय गं. देवापुढं काय लपवायचं, म्हणाला."

"आणि खातं नव्यानं जोडलं, की जुने मेल, अण्णांनी धाडलेले पण, परत उतरतात. न वाचलेल्यागत, ठळक."

"मग ती ओळ खोटी का?" बाबा उसळला. "बाहुबलीनंच लिहिलंय!"

"व्हय, अण्णांनीच लिहिलंय," आदिती म्हणाली. तिनं माळ वर उचलली, नारळ बाजूला सारला.

वर तारीख, २०१३. खाली अख्खा मेल. 'शाळेची सहल पन्हाळ्याला चाललीय. अरुणा, आदितीला एकटीला पाठवू नकोस. तिला गाडी लागती. तू संग जा, आलेपाक घे.'

काकी पडद्याजवळ गेल्या, परत परत वाचलं. "गेलते की मी," त्या हळूच म्हणाल्या. "वाटभर हिच्यापुढं पिशवी धरून बसलेले." मग बाबाकडं वळल्या. "माझ्या नवऱ्याचं अर्धं बोलणं झाकून ठेवलंस? ऊठ! आधी ते कुंकू पूस, मग नारळ घेऊन चालता हो."

आणि पुसलं रे त्यानं! खोलीभर माणसांचा गुरू, धोतराच्या सोग्यानं सीपीयू पुसत हुता. हात जोडणारी माणसं चपला शोधत हुती.

रविवारी काकी स्वतः स्टँडवर आल्त्या. आदितीच्या हातात आलेपाकाची पुडी दिली आणि म्हणाल्या, "एकटीच जा. पोचलीस की मेल कर."

गड्यांनो, मशीन अडलं तर मशीन कळणाऱ्याला विचारा. पासवर्ड मागणारा देव नसतोय. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी तेच हात पुढं करून माळ उचला.